नाव टाकलं, काउंटी टाकली की वॉरंट कळतं? नाही कळत

टेक्सासमधल्या आपल्या ग्रुप्सवर हा मेसेज परत परत येतो: "रूम भाड्याने देताना किंवा नॅनी ठेवताना बॅकग्राउंड चेकच्या साइटवर ३० डॉलर भरा, नाव आणि काउंटी टाका, पाच मिनिटांत सगळे अटक वॉरंट आणि गुन्हे कळतात. काही आलं नाही तर माणूस क्लीन. आलं तर नाव ग्रुपवर टाका. आणि तुमच्यावरच वॉरंट असेल तर शेरीफ ऑफिसचा फोन येतो, लगेच पैसे भरून मिटवा."

घरात लहान मूल असेल तर चौकशी करायलाच पाहिजे, त्याबद्दल वादच नाही. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही आणि शेवटची दोन तर सरळ धोकादायक आहेत.

आधी "काउंटी टाका" हेच बघू. कुठली काउंटी? काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, टेक्सासमध्ये असे २५४ आहेत. फ्रिस्कोचंच घ्या, गावाचा एक भाग कॉलिनमध्ये, दुसरा डेंटनमध्ये, माणूस कामाला डॅलस काउंटीत आणि त्याआधी राहायला टॅरंटमध्ये असेल तर चार ठिकाणी शोधायचं. त्यात काउंटीच्या कोर्टाकडे फेलनी म्हणजे गंभीर गुन्हे आणि क्लास ए, क्लास बी मिस्डिमीनर म्हणजे त्याखालचे गुन्हे असतात, क्लास सी म्हणजे ट्रॅफिक तिकीट वगैरे प्रकरणं शहराच्या म्युनिसिपल कोर्टात किंवा जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक न्यायाधीशाकडे, आणि फेडरल केस काउंटीच्या रेकॉर्डमध्ये दिसतच नाही, ती पेसर या फेडरल कोर्टांच्या साइटवर शोधावी लागते.

"सगळे वॉरंट कळतात" हे तर नाहीच. पोलीस गाडी थांबवून लायसन्स तपासतात तेव्हा जे बघतात ते एनसीआयसी, एफबीआयची १९६७ पासूनची वॉरंट आणि गुन्ह्यांच्या नोंदींची सिस्टिम, ती तुम्हाआम्हाला उघडी नाही आणि कुठल्या खाजगी साइटलाही नाही. काही शेरीफ (काउंटीचे पोलीसप्रमुख) आणि काही शहरांची कोर्टं वॉरंटची यादी लावतात, काही लावत नाहीत, शिवाय आरोपी पळून जाऊ नये म्हणून अटक होईपर्यंत बरीच वॉरंट जाहीरच करत नाहीत. मग ३० डॉलर कशाचे? इकडून तिकडून गोळा केलेल्या, कधी कधी फार जुन्या डेटाचे. २०२३ मध्ये एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, ट्रूथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या अशाच साइट्सवर केस केली, आरोप हा की समोरच्याच्या नावावर नुसतं ट्रॅफिक तिकीट असतानाही गुन्ह्याचं रेकॉर्ड असल्यासारख्या नोटिफिकेशन्स पाठवून लोकांना सबस्क्रिप्शन विकलं. ५८ लाख डॉलर भरून ते मिटलं. आणि कॉलिन, डेंटनच्या कोर्ट रेकॉर्डचा सर्च काउंटीच्या स्वतःच्या साइटवर फुकट आहे!

"काही आलं नाही तर क्लीन" म्हणणाऱ्यांनी आपली नावं कशी नोंदली जातात ते एकदा बघावं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बऱ्याचदा पहिल्या नावालाच जोडलेलं असतं, ते तसंच लायसन्सवर उतरतं, मग नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकून शोधलं तर केस असूनही काही येत नाही. आणि उलटंही होतं, पाटील आणि जोशी इथे इतके आहेत की भलत्याचीच केस समोर येते. जन्मतारीख जुळल्याशिवाय काहीही धरू नका.

बरं, जन्मतारीखही जुळली, केसही त्याचीच निघाली. तरी थांबा. समजा आरोपाच्या ओळीत लिहिलंय चोरी, १०० ते ७५० डॉलर, म्हणजे क्लास बी. लोक इथेच स्क्रीनशॉट काढतात. खाली डिस्पोझिशन, म्हणजे केसचा निकाल काय लागला ते, वाचायचं असतं, तिथे डिसमिस्ड असेल तर कोर्टाने केस काढून टाकलीये, माणूस दोषी ठरलेला नाही. डिफर्ड ॲडज्युडिकेशन, म्हणजे दोषी न ठरवता काही अटींवर देखरेखीखाली ठेवणं, असेल तर टेक्सासच्या कायद्यात अटी पूर्ण केल्यावर ती शिक्षा धरत नाहीत (इमिग्रेशनवाले मात्र सहसा धरतात, व्हिसावर असाल तर हे वकिलाला विचाराच). अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हे आपल्याला भारतातही माहीत होतं ना? मग इथे आल्यावर डिसमिस झालेल्या केसवरून कुणाचं तरी नाव तीनशे लोकांच्या ग्रुपवर टाकायचं आणि त्याला घर, काम, ओळखी सगळीकडून तोडायचं, हे मला अजिबात पटत नाही. बदनामीचा दावा लागू शकतो तो वेगळाच.

भाडेकरू किंवा नॅनीसाठी चेक हवा असेल तर एफसीआरए, म्हणजे अशा रिपोर्टवरचा फेडरल कायदा, पाळणारी कंपनी घ्या, त्या माणसाची लेखी परवानगी घ्या आणि रिपोर्टमुळे नकार देणार असाल तर त्याला तसं कळवा, चूक असेल तर दाखवायचा त्याला हक्क आहे. या स्वस्त साइट्स स्वतःच अटींमध्ये लिहितात की नोकरी किंवा भाड्याच्या निर्णयासाठी वापरू नका. आधीच्या घरी फोन करून विचारणं तर कुणीही करू शकतं.

राहिला तो फोन. "ज्युरी ड्यूटी चुकवलीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डने पैसे भरा" हे फसवणूकवाले म्हणतात (ज्युरी ड्यूटी म्हणजे खटल्यात ज्युरी म्हणून बसायला कोर्टात हजर राहणं). २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली, तिथून आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, नावाने अमेरिकेतल्या लोकांना अटकेची अशीच भीती घालत होते. खरं वॉरंट असं अचानक आलेल्या फोनवर गिफ्ट कार्डने पैसे भरून मिटत नाही. फोन ठेवा, कोर्टाच्या साइटवरचा नंबर स्वतः शोधून क्लार्कला विचारा, आणि खरंच वॉरंट असेल तर शेरीफच्या काउंटरवर एकटे जाऊ नका, तिथेच अटक होऊ शकते, आधी वकील गाठा.