माझ्या डोळ्यांवर ऊन येते, हे त्याला दिसले

आज दुपारी आमच्या वाचनगटात मी न्यूरेंबर्गच्या खटल्याविषयी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्याविषयी, बोलायला उभी राहिले आणि जेमतेम पाच मिनिटांत मला थांबवण्यात आले. "ती माणसे नव्हतीच, राक्षस होते. राक्षसांच्या मनात काय शोधायचे? त्यांच्या तोंडाकडे पाहिले की कळते," असे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मी तेथे वाद घातला नाही. घरी आल्यापासून मात्र मन शांत होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तोंडाकडे पाहून कळत नाही. तीसेक वर्षांपूर्वी, प्रशिक्षणाच्या काळात, एका कारागृहातील कच्च्या कैद्याची मानसशास्त्रीय चाचणी घेण्यासाठी मला पाठवले होते. पत्नीला जाळून मारल्याचा त्याच्यावर आरोप होता. शाईच्या डागांची चित्रे, ज्यांत काय दिसते ते सांगायचे असते, मी त्याच्यापुढे ठेवत असताना तो मध्येच म्हणाला, "बाई, ऊन डोळ्यांवर येतंय तुमच्या. खुर्ची इकडं घ्या." स्वतः उठून त्याने माझ्यासाठी जागा केली. नंतर मी पत्नीविषयी विचारले, तेव्हा "ती गेली की" एवढेच बोलून त्याने पुढचे चित्र मागितले. मी टिपणात 'सौम्य, सहकार्य करणारा' असे लिहिले. पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवले.

न्यूरेंबर्गच्या तुरुंगात गुस्ताव गिल्बर्ट हा अमेरिकी लष्करातील मानसशास्त्रज्ञ १९४५ च्या ऑक्टोबरपासून निकाल लागेपर्यंत या आरोपींच्या कोठड्यांत जात राहिला. त्याला जर्मन उत्तम येत असे. समोर बसून तो काहीही टिपून घेत नसे. बाहेर आल्यावर सगळे लिहून काढी. त्याने त्यांच्या बुद्धिमत्तेच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा अर्थतज्ज्ञ शाख्त १४३ वर पोहोचला, हिटलरचा उजवा हात गोअरिंग १३८ वर, आणि ज्यूद्वेषाचे वर्तमानपत्र चालवणारा श्ट्रायशरसुद्धा १०६ वर, म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या किंचित वरच. गोअरिंग तर शाबासकीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखा खूश होता. यांत वेडा कोण होता, ते वाचनगटातील सदस्यांनी मला दाखवून द्यावे.

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी छळछावण्यांची चित्रफीत न्यायालयात दाखवली गेली. अंधारात आरोपींचे चेहरे दिसावेत म्हणून पिंजऱ्यात मंद दिवे लावले होते आणि गिल्बर्ट पडद्याकडे न पाहता त्या चेहऱ्यांकडे पाहत होता. व्याप्त पोलंडचा कारभार पाहिलेला फ्रांक रडला. शाख्तने पडद्याकडे पाहायलाच नकार दिला. संध्याकाळी गोअरिंगने कोठडीत केलेली तक्रार मी कितीदा वाचली असेल, पण अजून अंगावर काटा येतो: ऑस्ट्रियाविषयीचे आपले दूरध्वनीवरील संभाषण वाचले जात असताना सगळे आपल्याबरोबर हसत होते, दुपार किती छान चालली होती, आणि मग ती भयंकर चित्रफीत आली व सगळा विचका झाला! प्रेतांचे ढीग पाहून त्या माणसाला आपली दुपार वाया गेल्याचे दुःख झाले.

"ती गेली की." मला तो आवाज येथे ऐकू येतो. दोघांच्या गुन्ह्यांचे माप एक नाही, हे मला कोणी सांगू नये, मला कळते. पण माझ्या डोळ्यांवरचे ऊन ज्याला दिसले, त्याला पेटलेली बायको दिसली नाही, हे मी समोर बसून अनुभवले आहे.

गिल्बर्टला सर्वांत जास्त हादरवले ते बहुधा रुडॉल्फ ह्योसने. ऑशविट्झ या मृत्युछावणीचा हा कमांडंट १९४६ च्या एप्रिलमध्ये साक्षीदार म्हणून न्यूरेंबर्गला आला होता. मारले गेलेले लोक मरणाला पात्र होते असे कधी वाटले का, या प्रश्नावर त्याने शांतपणे समजावून सांगितले की असा विचार करणे एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी संघटनेच्या, माणसाकडून अपेक्षितच नव्हते. तो प्रश्न मनात आलाच नाही. घरचे आयुष्य मात्र नेहमीसारखे चालू होते, बायको होती, मुले होती. बुद्धी सर्वसाधारण, पण दुसऱ्याच्या भावनेची जाण उघड वेड्यातही आढळणार नाही इतकी नाहीशी झालेली, असा गिल्बर्टचा निष्कर्ष होता. याच्या तोंडाकडे पाहून काय कळले असते? मुलांना मांडीवर घेऊन बसलेला एक बाप दिसला असता.

गिल्बर्ट तटस्थ नव्हता, हे मान्य. तो ज्यू स्थलांतरितांचा मुलगा होता, या माणसांचा त्याला तिटकारा होता, आणि कोठडीत ऐकलेले तो तुरुंगाधिकाऱ्यांच्या कानावर घालत असे, जे आजच्या आमच्या व्यवसायात क्षम्य नाही. गोअरिंग इतरांना दटावतो आहे, हे ओळखून जेवणाच्या वेळी त्याला एकटे बसवण्याची सूचनाही त्याचीच. त्याचे आणि तेथील मानसोपचारतज्ज्ञ डग्लस केलीचे शेवटी जमले नाही: केलीच्या मते अशी माणसे कोणत्याही देशात सापडतील, तर गिल्बर्टला गोअरिंगमध्ये हसतमुख मनोविकृत दिसला. मी आयुष्यभर गिल्बर्टच्या बाजूने होते. अलीकडे तितकी खात्री उरलेली नाही. १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॉली हॅरोअर यांनी या आरोपींच्या शाईच्या डागांवरील उत्तरे नावे काढून, इतर लोकांच्या उत्तरांत मिसळून तज्ज्ञांपुढे ठेवली, आणि तज्ज्ञांना नाझी कोणते ते वेगळे काढता आले नाही. माझे 'सौम्य, सहकार्य करणारा' हे शब्द मला ते वाचल्यापासून जरा कमी बोचतात, पण बोचतात.

दुपारचा राग आता बराच उतरला आहे. त्या सदस्यांचे वय पाहता त्यांनी युद्धाच्या बातम्या लहानपणी घरात ऐकल्या असतील. त्यांना नुसती घृणाच वाटावी, हे मी समजू शकते. मात्र राक्षस म्हणून विषय मिटवणे मला मान्य नाही, कारण मग त्या कोठड्यांत रोज जाऊन बसण्याचे कष्ट कोणी घ्यायचे? गिल्बर्टने ते घेतले, आणि १९६१ मध्ये ज्यूंना छावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आइकमनच्या खटल्यात साक्ष द्यायला तो जेरुसलेमलाही गेला.

पुढच्या शनिवारी मी वाचनगटात ह्योसची साक्ष वाचणार आहे. मध्ये थांबवले तरी शेवटपर्यंत वाचणार आहे, आणि त्यानंतर त्या उन्हाची हकिगतही सांगणार आहे, जी आज माझ्या तोंडून निघाली नाही.