जॅमरच्या पत्रावर माझी सही नाही

आमच्या सांगलीतल्या हौशी नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून एक पत्र फिरतंय. विषय : शहरातील नाट्यगृहांत मोबाईल जॅमर बसविणेबाबत. म्हणजे आत कुणाच्याच फोनला रेंज मिळू नये असा डबा. खाली सह्या. एकतीस झाल्यात, आणि रोज सकाळी 'कोण राहिलंय?' असा मेसेज पडतो. राहिलेल्यांत मी आहे. काल एकानं थेट फोनच केला. "काय राव, विंगेत उभं राहून सगळ्यात जास्त शिव्या तूच घालतोस, आणि सहीला का मागं?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. लांबेल, आधीच सांगतो.

शिव्या घालतो हे खरं आहे. वीसेक वर्षं प्रॉम्प्टिंग करतोय. प्रॉम्प्टरला प्रेक्षक दिसत नाहीत, पण ऐकू सगळं येतं. खोकला, वेफर्सची पुडी, मोडक्या खुर्चीची कुरकुर, मांडीवरच्या पोराची भुणभुण, हे सगळं हळूहळू नाटकात मुरून जातं. रिंगटोन मुरत नाही. नट वाक्य विसरला तर मी देतो, पण फोन वाजल्यावर त्याचा जो सूर जातो तो मला देता येत नाही. पुढची पाच मिनिटं तो नुसते शब्द म्हणत असतो, हे विंगेतून अगदी स्वच्छ कळतं.

आणि फोन चुकून वाजला हे एकवेळ समजू शकतो. पण "हां बोल, नाटकाला आलोय, नाटकाला! मध्यंतरात करतो!" असं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगणाऱ्याला काय म्हणायचं? किंवा पहिल्या रांगेत बसून, तोंडावर निळा उजेड पाडून घेत, स्टेजवरच्या बाईचा व्हिडिओ काढणाऱ्याला? अशांच्या बाबतीत माझी मतं फेसबुकवर लिहिण्यासारखी नाहीत.

हे दुखणं आपल्या एकट्याच्या गावाचं नाही. 2019 साली नाशिकला सुमीत राघवन यांनी प्रयोग मध्येच थांबवला होता. त्याच वर्षी सुबोध भावेंनी, असंच चालणार असेल तर नाटकात काम थांबवतो, या अर्थाचं फेसबुकवरच लिहिलं होतं. तेव्हा जॅमरची मागणी मुंबईतही झाली. मग सांगलीनं का मागं राहायचं, असं पत्र लिहिणाऱ्यांचं म्हणणं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथं 'सीता स्वयंवर' उभं केलं त्या गावात नाटक शांतपणे बघता येऊ नये, हे वाक्य पत्रात आहे. वाक्य चांगलंय. मलाही पटतं. सही मात्र नाही, आणि त्याचं कारण एक आण्णा आहेत.

गेल्या थंडीतली गोष्ट. स्पर्धेचं नाटक होतं, आमचं नव्हतं, म्हणून मी चक्क प्रेक्षकांत. शेजारी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, खिशात बटणांचा फोन. पहिल्या अंकात माणूस इतका रंगून गेला होता की दाद द्यायच्या जागी माझ्याच मांडीवर थाप मारत होता. दुसऱ्या अंकात एक जागा आली. बाप पाकीट उघडतो, पत्र बघतो आणि काहीच बोलत नाही. नुसता उभा. सगळं नाट्यगृह त्याच्याबरोबर उभं. आणि माझ्या डाव्या कानाशी, फुल आवाजात, फोन.

आण्णांनी घाईत कुठलं तरी बटण दाबलं आणि फोन स्पीकरवर गेला. मग एक बाई अत्यंत शुद्ध मराठीत अख्ख्या नाट्यगृहाला सांगू लागली की वीजपुरवठा सुरू झाला आहे, मोटर चालू करण्यासाठी अमुक दाबा.

हशा पिकला. स्टेजवरच्या बापानं पत्रातून मान वर काढली. मी दात-ओठ खात "बाहेर जावा हो" म्हणालो. आण्णा फोन छातीशी धरून, वाकून, लोकांचे पाय तुडवत बाहेर गेले.

मध्यंतरात चहाच्या गाड्यापाशी दिसले. आत यायची हिंमत होत नव्हती त्यांची. मला बघून स्वतःच म्हणाले, "चुकलं बघा सर. लाईट धाला येनार म्हनले हुते. आधीच आली."

ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीकाठच्या मोटारींना आता मोबाईल स्टार्टर असतो. पेटीत सिमकार्ड. थ्री फेज आली की पेटी मालकाला फोन करते, आणि मालक घरबसल्या मोटर चालू करतो. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. पूर्वी त्यासाठी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन काठापर्यंत जावं लागायचं, साप-किरडाची भीती वेगळीच. आण्णांची मोटर वारणेच्या काठाला, मळा आत, पोरगं पुण्याला. "उचलला न्हाई तर परत करतंय ते. आन् आज पानी न्हाई बसलं तर माझा पान्याचा फेर जातोय."

"मग सायलेंटवर का नाही ठेवला?"

"सायलेंट केल्यावर लाईट आलेली कळंल कसं?"

"व्हायब्रेटवर ठेवायचा ना."

"म्हंजे?"

मी फोन हातात घेतला. त्या फोनात खालचं हॅशचं बटण दाबून धरलं की आवाज बंद होतो, नुसता थरथरतो. माझ्या फोनवरून रिंग देऊन दाखवली. खिशात गुर्र झालं तसे आण्णा दचकले आणि हसले. "आरं तिच्या! हे हाय व्हय ह्यात!" फोन घेऊन किती वर्षं झाली विचारलं, तर म्हणाले सहा.

तिसऱ्या अंकात मोटरचा फोन पुन्हा आला. माझ्याशिवाय कुणालाच कळला नाही. आण्णांनी सदऱ्याच्या खिशावर तळहात ठेवला, झोपेत चाळवलेल्या पोराला थोपटतात तसा, आणि नजर स्टेजवरच.

आता तिथं जॅमर असता तर काय झालं असतं? आण्णांचा फोन वाजला नसता, बरोबर. पण पुढच्या नाटकाला आण्णाही आले नसते. मिरजेचे एक डॉक्टर कायम दाराजवळची कडेची खुर्ची मागून घेतात. इतक्या वर्षांत त्यांचा फोन एकदाही वाजलेला मी ऐकला नाही, पण दोनदा त्यांना अंकाच्या मध्ये मांजराच्या पावलांनी बाहेर जाताना पाहिलंय. मिरजेत एवढी हॉस्पिटलं, म्हणजे आपल्या प्रेक्षकांत असे कितीजण असतील बघा. जॅमर बसला की हे लोक यायचे बंद होतील. आणि तो मोठ्यानं "नाटकाला आलोय!" म्हणणारा? तो येईल. रेंज का नाही म्हणून शेजाऱ्याला विचारत बसेल.

जॅमर म्हणजे काही शांततेचं यंत्र नव्हे, ही गोष्ट पत्र लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. उलट तो गोंगाट करणारा डबा आहे. तुमचा फोन आणि टॉवर ज्या लहरींवर बोलतात, त्याच लहरींवर हा इतका आरडाओरडा करतो की फोनला टॉवरचं काही ऐकूच येत नाही. मग फोन बिचारा जोर लावून टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी उतरते. रिंगटोन कुठली, 112 कुठला, 108 कुठला, हे त्या डब्याला कळत नाही. आणि त्याला भिंतही कळत नाही.

याचा एक किस्सा आमच्याच भागातला. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी एक अभ्यासिका आहे, गाव आणि नाव राहू दे. खाली मेडिकल. एक दिवस मेडिकलवाल्याचं क्यूआरचं पेमेंट बंद पडलं. गिऱ्हाइकाच्या फोनवर चक्र फिरतंय, काउंटरवरचा पैसे मिळाल्याचं ओरडून सांगणारा डबा मुका. माणूस येऊन सिम बदलून गेला, मग डबाच बदलून गेला. वरच्या मजल्यावरच्या आजींना लेकीचा फोन लागेना, त्यांनी लेकीशी अबोला धरला, तो वेगळाच. तीन आठवडे असं चाललं. शेवटी मेडिकलमध्ये कामाला असलेल्या पोराच्या लक्षात आलं : लाईट गेली की रेंज येते! सगळ्या जगात उलटं असतं. वर जाऊन बघितलं तर अभ्यासिकेच्या माळ्यावर, पोरांनी रील बघू नयेत म्हणून, ऑनलाइन मागवलेला अँटेनावाला डबा. मालकाचा हेतू शंभर टक्के चांगला. पण तीन आठवड्यांत किती जणांना औषधासाठी एटीएम शोधत फिरावं लागलं असेल, ते कुणी मोजलं?

तो डबा बेकायदा होता, हे त्या मालकालाही माहीत नव्हतं. आपल्या पत्रावर सही करणाऱ्या एकतिसांनाही नसावं, कारण पत्र पालिकेला लिहिलंय. जॅमरची परवानगी पालिका देत नाही, ती दिल्लीहून, केंद्राच्या कॅबिनेट सचिवालयाकडून येते. तुरुंग, सुरक्षा दलं, मोठ्या परीक्षा अशा कामांसाठी ती आहे, खाजगी माणसाला जॅमर वापरताच येत नाही. 2022 च्या जानेवारीत दूरसंचार विभागानं तसं पुन्हा बजावलं होतं. अमेरिकेतही खाजगी जॅमरला बंदीच आहे. तुरुंगात जॅमर हवा, याला माझी हरकत नाही. आतल्या माणसाचा बाहेरशी बोलायचा हक्क कायद्यानंच काढून घेतलेला असतो. तिकीट काढून आलेल्या माणसाचा कुणी काढून घेतला?

आणि सवयीचं काय सांगावं. आज नाट्यगृह, उद्या शाळा, परवा बँक, मग देवळाचा गाभारा. 2021 मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेसाठी कितीतरी जिल्ह्यांचं मोबाईल इंटरनेटच बंद ठेवलं होतं. कॉपी करणारे मोजके, बंद सगळ्यांचं. हे एकदा सोपं वाटायला लागलं की थांबत नाही.

निदान सांगलीच्या माणसानं तरी हे मागू नये असं मला वाटतं. 2019 च्या महापुराचा ऑगस्ट आठवा. धोक्याची पातळी 45 फूट, आणि आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर. माझी मावशी गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकलेली. लाईट नाही, रेंज येऊन-जाऊन. तिनं ठरवलं होतं, सकाळी सातला दोन मिनिटं आणि संध्याकाळी सातला दोन मिनिटं फोन चालू करायचा. आम्ही विश्रामबागेत त्या दोन मिनिटांसाठी फोन समोर ठेवून बसायचो. एके संध्याकाळी लागलाच नाही. ती रात्र कशी गेली ते राहू दे. मावशी सुखरूप होती, तिची फक्त बॅटरी संपली होती. पण सिग्नल नसण्याला 'शांतता' म्हणणारं कुणी भेटलं की मला ती रात्र आठवते.

मग करायचं काय, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात सापडतं. मोहित्यांचे वडगाव. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळे. लॉकडाऊनच्या ऑनलाइन शाळेनं पोरांच्या हातात जे दिलं ते सुटेना, म्हणून गावानंच ग्रामसभेत ठरवलं. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई घरोघर फिरल्या. टॉवर जिथल्या तिथं, रेंज फुल. कुणाच्या घरी बाळंतीण अडली तर फोन आहे हाताशी. फक्त तो खाली ठेवायचं ठरलंय.

आता तुम्ही म्हणाल, गावात कुणाचा टीव्ही चालू आहे ते गल्लीला कळतं, लाज वाटते, म्हणून चालतं. खरंय. नाट्यगृहात शेजारचा कोण हे माहीत नसतं, आणि लाजेला ओळख लागते. म्हणून तर मी म्हणतो दारात माणूस हवा. आपण काय करतो? तिसऱ्या घंटेआधी कुणाची तरी घोगरी टेप लावतो, 'कृपया आपले भ्रमणध्वनी…', त्या वेळी लोक खुर्ची शोधत असतात, वडे खाली ठेवत असतात. ती टेप मी स्वतः रेकॉर्ड केली आहे, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे. ती कुणी ऐकत नाही. मीसुद्धा नाही.

त्यापेक्षा तिकीट फाडणाऱ्यानं प्रत्येकाला फोन दाखवायला सांगावं. आवाज बंद करता येत नसेल त्याला तिथंच करून द्यावा. आपल्या प्रेक्षकांत निम्मे साठीच्या पुढचे आहेत, त्यांना कुणी शिकवलंय हे? आणि एवढं करूनही जो आत बसून बोलेल, त्याच्यासाठी दिवे लावावेत, प्रयोग थांबवावा, तो बाहेर जाईपर्यंत थांबवावा. तिथं मी अजिबात मवाळ नाही. पैसे परत नाहीत.

ग्रुपवर हे लिहिलं तर उत्तर आलं, "दारात उभं कोण राहणार?" त्यावर दोन अंगठे आणि एक हसरा चेहरा.

तर 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाच्या प्रयोगाला, प्रॉम्प्टिंग दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी दारात आहे. बटणांच्या फोनवाल्यांनी दहा मिनिटं आधी यावं. आण्णांना निरोप पोचलाय. लाईटचं वेळापत्रक बघून सांगतो म्हणालेत.