मारियानो रिवेरा आणि ६५२ सेव्हचं कौतुक

यांकीज या न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचा बॉलर मारियानो रिवेराचा विषय निघाला की पहिला आकडा येतो ६५२. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, इतिहासातले सर्वाधिक सेव्ह. दुसरा ट्रेव्हर हॉफमन, ६०१. मग पुढे कोणी काही बोलतच नाही. मी यांकीजचा कट्टर फॅन आहे, तरी सांगतो, त्याच्या अख्ख्या रेकॉर्डमधला सगळ्यात फुसका आकडा हाच.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी: टीम शेवटच्या इनिंगला तीन किंवा त्याहून कमी धावांनी पुढे असताना बॉलरने यायचं आणि आघाडी न घालवता मॅच संपवायची. झाला सेव्ह. तीनची आघाडी असताना दोन धावा दिल्या तरी चालतं. म्हणजे शेवटच्या ओव्हरला तीस हवेत, बॉलरने वीस देऊन टाकले, आणि मॅच वाचवल्याचं श्रेय त्याच्याच खात्यात! वर आणखी एक पळवाट. शेवटच्या तीन इनिंग नीट टाकल्या तर आघाडी कितीही असू दे. २००७ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासने बाल्टिमोरला ३०-३ असं धुतलं. शेवटच्या तीन इनिंग टाकणाऱ्या वेस लिटलटनला चक्क सेव्ह मिळाला. काय वाचवलं त्याने, देव जाणे.

आता रिवेराचं १९९६ बघा. क्लोझर, म्हणजे शेवटी येऊन मॅच संपवणारा बॉलर, होता जॉन वेटलंड. रिवेरा त्याच्या आधी यायचा, सातव्या-आठव्या इनिंगला. १०७ च्या वर इनिंग, १३० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) २.०९. सेव्ह? पाच. फक्त पाच. तरी साय यंगच्या, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या, मतदानात तो तिसरा आला आणि यांकीजने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, जिंकली. माझ्या मते त्याच्याकडून टीमला सगळ्यात जास्त मिळालं ते याच वर्षी, आणि सेव्हच्या यादीत हे वर्ष जवळजवळ दिसतच नाही.

त्याचे खरे आकडे वेगळेच आहेत. १२८३ इनिंगमध्ये फक्त २८६ वॉक (चार बाहेरच्या बॉलवर बॅटरला मिळणारा फुकट बेस). होम रन ७१. कारकिर्दीचा ईआरए २.२१, तोही जवळपास एकाच प्रकारच्या बॉलवर, शेवटच्या क्षणी जरासा वळणाऱ्या कटरवर! कटर येणार हे बॅटरला माहीत असायचं, तरी बॅट मोडायची. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत, तर १४१ इनिंग आणि ईआरए ०.७०. एकूण अकरा अर्न्ड रन, म्हणजे फील्डिंगच्या चुकीशिवाय दिलेल्या धावा. चंद्रावर चालून आलेली माणसं बारा आहेत, हा यांकीजच्या फॅन मंडळींचा लाडका जोक.

सगळ्या प्लेऑफमध्ये मिळून तो एकदाच हरला. २००१ वर्ल्ड सिरीज, सातवी मॅच, ॲरिझोना. आठव्या इनिंगला तिघांना स्ट्राइकआउट केलं. नवव्याला एक बंट (बॅटने हलकेच टेकवलेला बॉल) उचलून सेकंड बेसवर केलेला त्याचाच थ्रो चुकला, मग ॲरिझोनाच्या वोमॅकच्या डबलने (दोन बेसच्या फटक्याने) बरोबरी झाली. बेस भरलेले, एक आउट, इनफील्ड, म्हणजे आतले फील्डर, धाव रोखायला पुढे ओढलेलं. कटर ॲरिझोनाच्या गोंझालेझच्या हातांजवळ घुसला, बॉल बॅटला धड लागलाही नाही आणि यांकीजचा फील्डर जीटरच्या डोक्यावरून अलगद पलीकडे पडला. जीटर नेहमीच्या जागी असता तर तो सोपा कॅच होता. स्कोअरबुकात रिवेराच्या नावापुढे पराभव आणि ब्लोन सेव्ह (निसटलेला सेव्ह). नशिबाचा रकाना त्यात नसतो.

बरं, हा वाद नुसता कागदावरचा नाही. २०१६ मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने ४७ पैकी ४७ सेव्ह केले, ईआरए ०.५४. वाइल्ड कार्डची मॅच (हरला तो बाहेर) टोरंटोत, टोरंटोशीच, बरोबरीत, अकरावी इनिंग. बाल्टिमोरचा मॅनेजर बक शोवॉल्टरने आघाडी मिळेपर्यंत त्याला राखून ठेवलं; आघाडीशिवाय सेव्ह कुठला! बॉल हिमेनेझच्या हातात. टोरंटोच्या एन्कार्नासिओनने तीन धावांचा होम रन मारला आणि सीझन खलास. जगातला त्या वर्षीचा सर्वोत्तम रिलीव्हर (मॅचच्या मध्यात येणारा बॉलर) बुलपेनमध्येच, राखीव बॉलरांच्या जागेतच, बसून राहिला.

त्याच महिन्यात क्लीव्हलँडने अँड्र्यू मिलरला मॅच जिथे अडेल तिथे आणलं, अगदी पाचव्या इनिंगलासुद्धा. अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या) फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तोच ठरला. आणि टीमचा क्लोझर तो नव्हताच, तो होता कोडी ॲलन.