‘सहभागी’ लिहिलं की भागत नाही

स्पर्धांचे दिवस आले की एक संदेश हमखास फिरतो. म्हणे, मराठीत माणूस कशातही उतरला किंवा सामील झाला, तरी त्याला ‘सहभागी’ एवढाच शब्द पुरतो. स्पर्धक, सभासद, सदस्य हे सगळे एकाच अर्थाचे. ‘उमेदवार’ फारसी, म्हणून टाळावा. आणि नेमकेपणा हवा असेल तर इंग्रजीकडे वळावं. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि ते खरं मानून नियमावली लिहिली की ऐन स्पर्धेच्या दिवशी भांडणं होतात.

आधी ‘स्पर्धक म्हणजेच सहभागी’ हे घेऊ. ज्याचा क्रमांक लागू शकतो तो स्पर्धक. ज्याचा कार्यक्रमात वाटा आहे तो सहभागी. गायन स्पर्धेत तबल्यावर बसलेला साथीदार सहभागी आहे, स्पर्धक नाही. आता नियमात ‘सर्व सहभागींचे वय १६ वर्षांखालील असावे’ असं छापलं, तर चाळिशीचा तबलजीही बाद ठरतो. ‘स्पर्धकाचे वय’ लिहिलं की प्रश्नच उरत नाही. शुल्काचंही तेच. समूहगीताचा संघ ८ जणांचा आणि पत्रकात ‘सहभाग शुल्क २०० रुपये’. मग २०० भरायचे की १६००? ‘प्रति प्रवेशिका’ म्हटलं तर २००, ‘प्रति स्पर्धक’ म्हटलं तर १६००. यांपैकी एक स्पष्ट छापा. प्रवेशिका म्हणजे माणूस नव्हे, स्पर्धेसाठी केलेली नोंद, हेही ध्यानात असू द्या. नाट्यगृहावर मिळणाऱ्या विनामूल्य पासालाही प्रवेशिकाच म्हणतात, म्हणून एकाच पत्रकात दोन्ही येत असतील तर पासासाठी ‘सन्मानिका’ वापरा. ‘सहभागी’ हा शब्द काही वाईट नाही. चर्चासत्र, प्रभातफेरी, श्रमदान अशा ठिकाणी तोच शोभतो, कारण तिथे चढाओढ नसते.

सभासद आणि सदस्य यांचा घोळ गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकावर रोज दिसतो. सहकारी संस्थेत रीतसर नोंद असलेला तो सभासद. त्यांच्यातून व्यवस्थापक समितीवर निवडून गेलेला तो समिती सदस्य. ‘सर्व सदस्यांनी सभेस यावे’ वाचून काही जण समितीची बैठक समजून घरी राहतात, तर काही घरांतून दोन-चार माणसं येतात, कारण कुटुंबातलेही सदस्यच! ‘सर्व सभासदांनी’ एवढाच बदल पुरेसा आहे. त्यातही नाममात्र सभासदाला मतदानाचा हक्क नसतो, म्हणून मतदानाच्या सूचनेत हा फरक लिहायलाच हवा.

‘उमेदवार’ फारसीतून आला हे खरं. पण मग ‘उमेद’ही टाकायची का? मराठीने हा शब्द घरचा केला आहे. कारखान्यात शिकाऊ म्हणून काम करणं म्हणजे ‘उमेदवारी करणं’, हा अर्थही मराठी व्यवहारात रुळलेला. ‘परीक्षार्थी’ त्याची जागा घेऊ शकत नाही. परीक्षार्थी पेपरापुरता, मुलाखतीला आणि कागदपत्रांच्या पडताळणीला उभा राहतो तो उमेदवार.

राहिला नेमकेपणा. आषाढीच्या वाटेवरची एखादी दिंडी पाहा. चालणारे सारे वारकरी, पण टाळ हाती असलेला टाळकरी, वीणा गळ्यात असलेला विणेकरी, तुळशीची माळ घालून नेम पाळणारा माळकरी. एका ‘-करी’ प्रत्ययावर केवढा संसार उभा आहे! खो-खोत तोच संघ एका पाळीत आक्रमक, पुढच्या पाळीत संरक्षक. बाद होतो तो गडी. पत्त्यांच्या डावात आपल्या बाजूने खेळतो तो भिडू. ‘-पटू’ मात्र जपून लावा. संस्कृतात पटु म्हणजे निपुण, त्यामुळे उन्हाळी शिबिरात काल दाखल झालेलं पोर कबड्डीपटू नव्हे, शिबिरार्थी.

नव्याने आलेल्यांसाठीही एकाच शब्दावर अडायला नको. नुकताच दाखल झालेला नवागत, नाव होऊ लागलेला नवोदित, सराव नसलेला नवखा. जूनमध्ये शाळेच्या फाटकावर ‘नवख्यांचे स्वागत’ असा फलक लागला तर पालकांना खटकणारच. तिथे ‘नवागतांचे’ हवं.