पीआयडी फाइल उडवली की काम झालं?

पीआयडी फाइल म्हणजे चालू सर्व्हरच्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) नंबर, म्हणजेच पीआयडी, लिहून ठेवलेली छोटी फाइल. "सर्व्हर थांबवला की पीआयडी फाइल मागे राहणारच. किल मायनस ९ मारा, फाइल उडवा, आणि ती उडवायची ओळ स्टार्ट स्क्रिप्टमध्येच टाकून ठेवा." हा सल्ला सर्रास फिरतो. मला तो घातक वाटतो.

"मागे राहणारच"? मुळीच नाही. १५ नंबरचा टर्म सिग्नल (बंद होण्याची सूचना) मिळाला की एनजिनएक्स आणि अपाची हे वेब सर्व्हर जाताना आपली फाइल स्वतः पुसतात. किल मायनस ९ चा ९ नंबरचा सिग्नल प्रोसेसला झेलताच येत नाही, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) तिला तिथेच संपवतो. मग फाइल पुसणार कोण? वीज गेली किंवा मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच प्रोसेस मारली, तर गोष्ट वेगळी.

"९ मारला की सर्व्हर नक्की बंद." एनजिनएक्सचा फक्त मास्टर, म्हणजे मुख्य प्रोसेस, मरतो. त्याच्या हाताखालचे वर्कर पोर्ट धरून बसलेले असतात आणि नवा सर्व्हर उठत नाही.

"फाइल उडवण्यात धोका नाही." आधी त्यातला नंबर पीएस कमांडच्या यादीत (चालू प्रोसेसच्या) बघा. प्रोसेस जिवंत असेल, तर फाइल गेल्यावर एनजिनएक्सची स्टॉप कमांडच चालत नाही, कारण ती नंबर तिथूनच वाचते. अनेकांनी कंट्रोल झेड दाबून सर्व्हर 'बंद' केलेला असतो. तो नुसता थांबवून ठेवलेला असतो, पोर्ट त्याच्याकडेच.

स्टार्ट स्क्रिप्टमधल्या ओळीबद्दल मात्र थोडं मान्य करतो. रेल्स (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत, चालवलं की सर्व्हरचा पीआयडी बहुधा १ असतो. फाइल बाहेरून जोडलेल्या (माउंट केलेल्या) फोल्डरमध्ये उरली, तर पुढच्या वेळी १ नंबरची प्रोसेस असतेच, आणि रेल्स म्हणतं, सर्व्हर आधीच चालू आहे. इथे फाइल खरंच खोटं बोलते, ती ओळ कामी येते. पण ती फाइल का उरली, हे बघाच. डॉकरफाइलमधली सीएमडी (कंटेनर सुरू झाल्यावर चालणारी कमांड) साध्या वाक्यासारखी लिहिली, तर बऱ्याचदा १ नंबरवर शेल बसतं आणि डॉकरचा टर्म सर्व्हरपर्यंत पोचत नाही. मग १० सेकंदांनी डॉकर ९ मारतो. सीएमडी चौकटी कंसात, एक्झेक पद्धतीने लिहा, आणि पीआयडी फाइल प्रोजेक्टमधून काढून कंटेनरच्या टीएमपीएफएसवर (मेमरीतल्या तात्पुरत्या फाइलसिस्टमवर) ठेवा. कंटेनर थांबला की ती आपोआप जाते.

सिस्टमडीखाली (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) तर प्रोसेसचा माग सीग्रुपवरून, म्हणजे कर्नलने बांधलेल्या प्रोसेसच्या गटावरून, लागतो. सर्व्हर फोरग्राउंडला चालवला, तर पीआयडी फाइल लागतच नाही.