तीन रासमुसेन, नातं शून्य

‘डॅनिश नावांचं रहस्य’ हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, तेव्हा राहवलं नाही. त्यातले दावे तीन. डॅनिश नावं सगळी व्हायकिंगांची. बाळाचं नाव सरकारच्या सात हजारांच्या यादीतूनच निवडावं लागतं. आणि ‘सेन’ म्हणजे मुलगा, म्हणजे आपल्यासारखंच तिकडेही वडिलांचं नाव लावतात.

क्नूड, हाराल्ड, आस्ट्रिड ही व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतली नावं, कबूल. मुलींमध्ये अलीकडे गाजलेलं फ्रेया तर थेट देवीचं. पण येन्स, हान्स, नील्स, लार्स ही चर्चबरोबर आलेली. येन्स आणि हान्स दोघेही मुळात बायबलमधले योहानेस, नील्स म्हणजे निकोलस. सोरेन हे तर लॅटिन सेवेरिनसचं जिभेवर झिजून उरलेलं रूप. अर्थ ‘कठोर’. आपल्याकडे विठ्ठलाचा इठू झाला, तसंच. वर सैतानाचं नाव तोंडी नको म्हणून वैतागलेला डॅनिश माणूस ‘फोर सोरेन!’ म्हणतो, ते वेगळंच.

यादी आहे, पण ती कुलूपबंद नाही. नाव त्यात नसेल तर अर्ज करायचा, मंजूर झालं की यादी वाढते. अशी वाढत वाढत ती केव्हाच सात हजारांच्या कितीतरी पुढे गेली. नाव ठेवायला जन्मापासून सहा महिने मिळतात. नोंद मात्र बहुतेक ठिकाणी चर्चच्या कचेरीत, मग तुम्ही ख्रिश्चन असा वा नसा.

राहिलं ‘सेन’. अर्थ बरोबर, पण माहिती दीडशे वर्षं शिळी. पूर्वी येन्सचा मुलगा पीटर हा पीटर येन्सेन, त्याची बहीण येन्सडाटर आणि पीटरचा मुलगा पीटरसेन. दर पिढीला आडनाव नवं. 1828 च्या फर्मानाने कुटुंबाला कायमचं आडनाव लावायला सांगितलं. खेड्यांतले लोक सहजी बधले नाहीत, 1856 मध्ये पुन्हा बजावावं लागलं. मग बहुतेकांनी तेव्हा चालू होतं तेच गोठवलं, आणि मुलीही ‘सेन’ झाल्या. वडिलांच्या नावाची रीत आजही सर्रास चालते ती आइसलँडमध्ये.

या गोठवण्याचा परिणाम असा, की डेन्मार्कमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या वीस आडनावांत एकोणीस ‘सेन’वाली. एकटं म्योलर, म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, त्यात घुसलंय. 1993 पासून 2011 पर्यंत सलग तीन पंतप्रधान झाले, तिघेही रासमुसेन, आणि एकमेकांचे कुणीच नव्हेत. लोकांनी मग त्यांना न्यूरुप, फोग आणि ल्योके म्हणायला सुरुवात केली. ही त्यांची मधली नावं, पण वडिलांची पहिली नावं नव्हेत. तिकडे मधल्या जागी बहुधा आईकडचं किंवा घराण्यातलं दुसरं आडनाव बसतं. म्हणजे आपल्या ‘सुरेश गणपत पाटील’मधल्या गणपतशी त्याचा संबंध नाही.

पटत नसेल तर पवईकडे बघा. 1938 साली मुंबईत दोन डॅनिश इंजिनिअरांनी ‘लार्सन अँड टुब्रो’ कंपनी काढली: सोरेन क्रिस्टियन टुब्रो आणि हेनिंग होल्क-लार्सन. ढीगभर लार्सनांतून हा लार्सन वेगळा ओळखू यायचा तो त्या ‘होल्क’मुळे. कंपनीच्या पाटीवरून नेमकं तेच गळालं.