‘गृह आधार’चे पैसे बारमध्ये जातात? खुलासा

‘गृह आधार’ ही गोवा सरकारची गृहिणींना दरमहा रोख मदत देणारी योजना. ‘गृह आधारचे पैसे नवऱ्याच्या दारूत जातात, माणसं कामालाही जाईनाशी झालीत,’ असा मेसेज डिचोली-पेडण्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१४ साली लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशियातले १९ अभ्यास तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही, काही ठिकाणी तर घटला. दुसऱ्या एका अभ्यासात सहा देशांतल्या सात रोख मदत योजनांत कामाचे तासही कमी झालेले दिसले नाहीत. आणि गृह आधारचे महिना १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यावर रोजी कोण सोडतो? खरी गोची वेगळीच. हयातीचा दाखला द्यायचा राहिला की हप्ता अडकतो, पसऱ्यावर (किराणा दुकानात) तांदूळ-तेलाची उधारी चढते आणि थकलेले पैसे एकदम आले की ते तिथेच वळते होतात.